मडक्यावरची बोटं

मुलांच्या मातीला पालकांनी हात लावायचा नाही, हा आमच्या कार्यशाळेचा एकच नियम, आणि नेमका तोच सगळे मोडतात. बोरिवलीच्या या छोट्या संग्रहालयात मी विशेष मुलांना मातीकाम शिकवते. प्रदर्शन जवळ आलं की आयांचे हात शिवशिवतात. त्यामुळे मी संशयी झालेय, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

सुयोगचं मडकं पाहून माझं डोकंच फिरलं. बारा वर्षांच्या पोराचं काम नव्हतं ते. ओल्या मातीवर चांगले जाडजूड, मोठ्या माणसाच्या बोटांचे ठसे होते. मी त्याच्या आईला गाठलं.

"वनमालाताई, हे तुम्ही केलंत."

"देवाशप्पत नाय हो मॅडम! तो मला हात तरी लावू देतो का?"

ते खरं होतं. कोणाचा स्पर्श झाला की सुयोग किंचाळायचा. रस्ता ओलांडतानाही आई त्याचा शर्टच धरायची. एकदा तरी पोरानं आपला हात हातात द्यावा, एवढ्या आशेवर ती दहिसरहून त्याला इथे आणायची. पण चोर कधी कबूल करतो का? पुढच्या वर्गाला मी तिला बाहेर बसवलं, दार लावलं आणि सुयोगसमोर ठाण मांडलं.

आधी नेहमीप्रमाणे संग्रहालयातलं शेकडो वर्षांपूर्वीचं मडकं मुलांच्या हातून फिरवलं. त्यावर घडवणाऱ्याची बोटं उमटलेली आहेत. मुलं त्या खळग्यांत आपली बोटं ठेवून बघतात, मगच माती घेतात. सुयोगनं ठेवलेली बोटं बराच वेळ काढलीच नाहीत.

मग त्यानं मातीच्या गोळ्यावर तळवे टेकले आणि डोळे मिटले. बाकीची मुलं आपापल्या कामात होती. सुयोगची बोटं हलत नव्हती.

मातीत एक खळगा पडला. त्याच्या बोटांपासून लांब.

मग दुसरा.

मी टेबलाखाली वाकून पाहिलं. कोणी नव्हतं.

"सुयोग, कोण आहे रे?"

"गार आहेत," तो म्हणाला. "हात."

मी घाबरले. सरळ सांगते, घाबरले. दार उघडून वर्ग संपल्याचं सांगून टाकलं.

सुयोग बाहेर आला. उजवा हात बाजूला, जरा वर उचललेला, बोटं अर्धवट मिटलेली. वनमालाताईंनी आपला हात पुढे केला.

"नको. धरलाय."

ती त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"कोणाचा तरी धरलास ना रे बाबू," ती पुटपुटली.

फाटकाशी रिक्षा आली. सुयोग आत जाऊन बसला. आई थोडं थांबून चढली आणि अगदी कडेला टेकली, मध्ये एका माणसाची जागा सोडून.