मिस्त्रींच्या रंध्याची मूठ

त्या दुपारी मिस्त्रींच्या बायको, काकू, फडक्यात गुंडाळलेला त्यांचा जुना रंधा घेऊन मिस्त्रींच्या शिष्येच्या सुतारखान्यात आल्या. मिस्त्रींना जाऊन महिना झाला होता. आता हा तूच वापर, काकू म्हणाल्या. पातं बदल, पाचर बदल, मुठीला मात्र हात लावू नकोस, असंही बजावलं. का, ते सांगितलं नाही. चहाला थांबल्या नाहीत.

तिला हसू आलं. बारा वर्षं तिनं मिस्त्रींच्या हाताखाली काढली, पण हा रंधा कधी हाती लागला नाही. बाईच्या हाताला रंधा वश होत नाही, हे त्यांचं पालुपद. रंधा मारायला ती शिकली ती चोरून, त्यांच्या पाठीमागे उभी राहून.

पात्याचा गंज तिनं घासून काढला. आतलं पोलाद खणखणीत निघालं, म्हणून तेच ठेवलं. पाचर सैल होती, नवी घडवली. उरली मूठ. तडा गेलेली, मिस्त्रींच्या पंजाएवढी, घामानं काळीकुट्ट. जुन्या हत्याराचं मूळ अंग होता होईतो बदलू नये, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं तडा सरसानं सांधला आणि दुसऱ्या दिवशी तो वाळल्यावर एका खरबरीत फळीवर रंधा टेकवला.

मूठ ओली लागली. कोमट. रंधा पुढे जाईना. उलट तिच्याच पोटाकडे रेटा देऊ लागला. तंबाखूचा वास दाटून आला. तिनं हात काढायला पाहिलं, तर बोटं सुटेनात... वरून कुणी पंजा दाबून धरला होता.

"ठेव खाली..." कानाशी कुणीतरी पुटपुटलं. आवाज ओळखीचा होता.

 पण बारा वर्षांचा राग या भीतीहून जुना होता.

"नाही ठेवणार," ती म्हणाली. "जिवंतपणी ऐकलं तुमचं, काका. आता हे दुकान माझं आहे."

डाव्या हातानं तिनं करवत ओढून घेतली आणि बोटांखालून मूठ कापायला लागली. लाकूड कण्हत होतं. शेवटचा धागा तुटला तसा पंजा सुटला, वासही विरला. मनगटावर चार वळ उठले होते. तो तुकडा तिनं शेगडीत घातला आणि दिवस मावळायच्या आत आपल्या हाताच्या मापाची मूठ घडवून बसवली.

आता रंधा लोण्यातून फिरावा तसा फिरला. कागदासारखे पातळ छिलके पायाशी पडत गेले. फळी गुळगुळीत झाली, तेव्हा ती एकटीच मोठ्यानं हसली.

मग दुसरी बाजू करायला तिनं फळी उलटली.

तिनं हातही न लावलेल्या त्या बाजूवर आधीच रंधा मारून झाला होता. टोकाला एक छिलका अजून फळीला चिकटून होता... आणि हळूहळू वळत होता.