तळ्यावरची तार

उद्या दुपारी बारा वाजता डोंगराखालच्या सडकेवरून शेवटचे ट्रक सुटणार होते. त्याआधी उतरलं तर घर, नाही उतरलं तर मागून चढत येणारा शत्रू! वरच्या ठाण्यात हिवाळ्याच्या तोंडाशी बारा जण होते. आता उतरायला उरले होते तिघं.

पहिला तारवाला. पलटणीच्या टेलिफोनच्या तारा टाकायच्या, तुटल्या की जोडायच्या, हे त्याचं काम. त्याच्या छातीशी बायकोचं पत्र होतं. ‘दुसरं महिनाअखेरीला होईल. थोरली तीन वर्षांची. घरात तिसरं माणूस नाही. या खेपेला तरी या.’ महिना संपायला दोन आठवडे उरले होते. दुसरा आचारी, अंगाने आडवा, पाठीला पितळी पातेलं बांधलेला. तिसरा तारवाल्याच्याच गल्लीतला न्हावी. अर्ध्या पलटणीची दाढी त्याने पाण्याने केली होती आणि उरलेल्या अर्धीची बिनपाण्याने!

“पातेलं टाक की रे,” न्हावी म्हणाला.

“आणि खाशील कशात? तुझ्या वाटीत? तिला साबणाचा वास येतो.”

पहिला दिवस निभला. उतार सरळ होता, बर्फ घट्ट होतं, आणि आचारी तारवाल्याला चिडवायला स्वतःच जुळवलेलं गुणगुणत होता,

“उतर उतर वाट, पायाखाली दगडगोटे,
दारी उभी तुझी लेक, तिचे हात किती छोटे!”

दुसऱ्या दिवशी उजाडलं ते धुकं घेऊनच. समोर धरलेला हात दिसेना. खाली-वर, पुढे-मागे सारं एकाच रंगाचं, जणू कुणी जगावर ओली चादर टाकून दिली होती.

“झालं! बसा आता इथेच,” न्हावी म्हणाला.

तारवाला मात्र गुडघ्यावर बसला, बर्फ उकरू लागला. हाताला तार लागली. त्याची स्वतःची तार! ऐन थंडीत ठाण्यापासून सडकेपर्यंत त्यानेच टाकलेली. त्याने हातमोजा काढला. तारवाले काळोखात असेच चालतात. तार उघड्या तळहातातून सरकू द्यायची, पाय आपोआप मागून येतात.

“डोळे मिटून चला माझ्या मागे. ही थेट सडकेला जाते.”

तास गेला. मग जमीन एकदम सपाट झाली. तारवाल्याला आठवलं, इथे मोठं माळरान लागलं होतं, म्हणून तर तार नाकासमोर सरळ ओढली होती. चांगलं, आता भराभर चालता येईल! बर्फ ओलसर लागत होतं, बूट चिकटत होते. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याचं सगळं लक्ष तळहातात होतं.

कड्ड!

पायाखालून आवाज धावत गेला. तारवाला जागीच थिजला. माळरान नव्हतंच ते! तळं होतं. थंडीत गोठून, वर बर्फ साचून माळरानासारखं दिसलेलं तळं. आणि आता ते वितळत होतं.

“आडवे पडा! पसरा!”

न्हावी पडला. आचारी वळला, पातेल्याच्या वजनाने झुकला. बर्फ फुटलं. माणूस गेला. पातेलं गेलं. काळं पाणी वर आलं!

तारवाला पोटावर सरपटला. तार उपसली. फेकली. पुन्हा फेकली. एक हात वर आला, त्याने तार धरली. “ओढ! ओढ रे!” दोघांनी ओढलं. तार तळहातात रुतली, रक्त आलं, बर्फाचा काठ तुटत राहिला, तुटत राहिला, आणि शेवटी तो अवाढव्य देह वर आला!

काठावर मेंढपाळांची एक दगडी खोपटी होती. तिथे त्याला नेलं तेव्हा दहा वाजले होते. धुकं फाटलं होतं. खाली सडक दिसत होती, काडेपेट्यांएवढे ट्रक दिसत होते. आचाऱ्याचे ओठ निळे झाले होते, पाय हलत नव्हते.

“याला घेऊन दोन तासांत उतरणं होणार नाही,” न्हावी हळूच म्हणाला. “चल. घरी वहिनी अवघडलेली आहे.”

“तार माझी होती.”

“तुला काय माहीत होतं?”

“माझीच होती. तू जा. थांबवता आले तर थांबव त्यांना.”

न्हावी धावत सुटला. तारवाल्याने आपला कोट आचाऱ्यावर घातला, खोपटीचं दार मोडून जाळलं. बाराला खालून घरघर आली आणि लांब लांब गेली.

“गेले का रे?” आचाऱ्याने विचारलं.

“छे. आपल्यासाठी खोळंबलेत.”

“तुला खोटं बोलता येत नाही, गाढवा.”

ऊन उतरायच्या आत आचारी गेला. संध्याकाळी शत्रूचे शिपाई आले.

दीड वर्षाने तारवाला कैदेतून सुटला आणि घरी पोचला, तेव्हा खोलीत लोकांच्या सदऱ्यांचे ढीग होते. बायको इस्त्री करत होती. पोर दाराआड सरकली. पाळणा कुठेच नव्हता. तो तसाच बघत राहिला.

“मुलगा झाला होता,” बायको म्हणाली. इस्त्री थांबली नाही. “सात महिन्यांचा होता. ताप आला. थोरलीला एकटी टाकून डॉक्टरकडे धावायचं कसं, यातच सकाळ गेली.” तिने सदरा उलटला. “न्हावी भेटून गेला. म्हणाला, तुम्ही मागे राहिलात. तो वाचला का, तुमचा आचारी?”

“नाही.”

इस्त्री थांबली. कापड करपल्याचा वास आला.

“मग कशासाठी राहिलात?”

“मीच त्याला तळ्यावर नेलं होतं.”

तिने इस्त्री उचलून उभी केली. मग विचारलं, “शेवटी काही म्हणाला?”

“पाणी मागितलं. मी दिलं.”

“मीही दिलं,” ती म्हणाली.

दाराआडून पोरीने विचारलं, “आई, हे काका कधी जाणार?”

बायकोने करपलेला सदरा बाजूला ठेवला, दुसरा पसरला. तो उंबऱ्याच्या आत उभा होता. पुढे यावं की मागे फिरावं, त्याला कळेना.

“बूट बाहेर काढा,” ती वर न बघता म्हणाली. “फरशी आत्ताच पुसलीय.”