तीन बोटं पाणी

लढाई संपून वर्ष झालं होतं, तरी पेट्रोल कुपनावरच मिळत होतं. त्या दिवशी कादर मिस्त्रीपाशी नगरहून नेवाशाला एकदाच जाता येईल एवढं पेट्रोल उरलं होतं. गाडी होती नेवाशाच्या रंगनाथ डॉक्टरांची. जुनी, दोन दारांची, एवढीशी विलायती गाडी. दोनदा दुरुस्त केलेली आणि दोनदा वाटेत उकळलेली. डॉक्टरांचा निरोप होता, ‘या खेपेला थंड पोचली तर ठीक. नाहीतर पुण्याला धाडतो, आणि का धाडली ते सगळ्यांना सांगतो.’

कादरच्या दारावरची, स्वतःच्या धंद्याची पत्र्याची पाटी जेमतेम तीन महिन्यांची. ती उतरली की पुन्हा उस्ताद लालमहंमदच्या शेडमध्ये जायचं आणि ‘आलास? चहा ठेव,’ ऐकून घ्यायचं.

पाटी आणि मेहताब एकाच महिन्यात घरात आल्या. दोघींपैकी पाटीकडं नवऱ्याचं लक्ष जास्त, हे मेहताबनं पाहून ठेवलं होतं. पण बोलून दाखवायचा तिचा स्वभाव नव्हता. आज त्यानं तिला सोबत घेतलं, तेही चाकाखाली दगड लावायला कुणीतरी हवं म्हणून.

“दोन्ही येळा उकळली कुठं?” निघताना तिनं विचारलं.

“घाट उतरल्यावर. घोडेगावच्या अलीकडं.”

“उतारानं आलेली गाडी उकळती कशी अवो?”

कादरनं बोटांवर मोजून दाखवलं. होज पाइप नवे घातले. जाळी सोड्यानं धुतली. रेडिएटर हौदात बुडवून फुंकला, एक बुडबुडा आला नाही. हेडची पॅकिंग बदलली. पंख्याचा पट्टा ताठ. या गाडीला पाणी फिरवायला पंपच नव्हता. तापलेलं पाणी आपणच वर चढायचं, थंड झालं की खाली उतरायचं. “बिघडायला हाय काय त्यात? पानी कमी होतं, एवढंच. जातं कुठं, ते खुदालाच ठाऊक.”

मेहताबनं बाभळीची एक काडी सोलली, रेडिएटरमध्ये बुडवली आणि पाणी लागलं तिथं नखानं खूण केली. मोजल्याशिवाय भाकरीचं पीठही ती घेत नसे.

घाट उतरला. कादरनं फडक्यानं झाकण उघडलं. काडी खुणेपर्यंत ओली.

पुढं कोसभर गेल्यावर रस्त्याकडेला एक लिंब होता, खाली रांजण. दर खेपेप्रमाणं कादरनं गाडी सावलीत घेतली आणि इंजन बंद केलं. चैतातली भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पानसुद्धा हलत नव्हतं. कादर गाडीखाली शिरला. मेहताब बॉनेटपाशी उभी राहिली.

तेव्हा तो आवाज आला.

घट्… घट्… घट्…

पातेल्यालाच तोंड लावून पोरानं प्यावं, तसा. मधेच दम घेतला. पुन्हा घट्…

“ऐकलं का अवो…?”

“हवा अडकली असंल. ती सुटली की पानी बसतं खाली.” कादरचा आवाज गाडीखालून आला, भलता खात्रीचा.

“हवेला घसा असतो?”

तिनं पदरानं झाकण धरून उघडलं. वाफ आली नाही. ओल्या मातीचा, रांजणातला असतो तसा गार वास आला. काडी खुणेच्या तीन बोटं खाली ओली झाली. जमीन मात्र खडखडीत कोरडी.

कादर बाहेर आला. काडीकडं बघत राहिला. मग त्यानं ती पुन्हा बुडवून पाहिली.

शेताकडून एक म्हातारी डोईवर घागर घेऊन आली. रांजण तीच भरायची. बायडाबाई तिचं नाव. तिनं गाडी पाहिली आणि घागर खाली ठेवली.

“मागं डबाभर पानी ह्याच गाडीत वतलं का रं कुनी?”

“म्या वतलं, मावशी. पानी आटलं हुतं.”

“पयली वंजळ मुळाशी सोडली हुती?”

“कसली वंजळ?”

म्हातारी लिंबाच्या बुंध्याकडं बघत बोलली. “माझी बनू. सात वर्साची हुती. तापात पानी पानी करायची. वैद्य म्हनला, तापात पानी देऊ नगा… म्या न्हाई दिलं. हितं ह्याच सावलीला गेली. तवापास्नं पयली वंजळ तिची. गुराखीबी सोडत्यात.”

“आन् न्हाई सोडली तर?” मेहताबनं हळूच विचारलं.

“मंग तिचं पानी जिथं आसंल, तिथनं ती घेती.”

“आता बॉनेटला ताईत बांधू व्हय?” कादर हसायला गेला. ते हसू पुरतं निघालं नाही, कारण बॉनेटखाली पुन्हा घट् झालं.

मेहताबनं ओंजळ भरून मुळाशी सोडली. माती ती एका घोटात प्याली. आवाज थांबेना. ऊन डोक्यावर, डॉक्टर वाट बघत असणार, नगरात पाटी टांगलेली. मेहताब बॉनेटवर वाकली आणि रुसलेल्या नणंदेशी बोलावं तशी बोलली, “बनू, गाडीचं पानी सोड बाई. वाटंत तहान लागली तर माझ्याकडं माग.”

आवाज थांबला.

बायडाबाईचा हात तोंडाशी गेला. “अगं पोरी… असं म्हनायचं नसतं तिला.”

पण तोवर कादरनं रेडिएटर भरून हँडल मारलं होतं.

गाडी नेवाशाला पोचली. डॉक्टरांनी फडक्याशिवाय, नुसत्या हातानं झाकण फिरवलं, काडी बुडवली, खुणेपर्यंत ओली. “शाबास मिस्त्री! काय होतं?”

“हवा अडकली हुती, सायेब,” कादर छाती काढून म्हणाला. मेहताबनं खाली मान घातली. पाटी राहिली होती, तेवढं पुरे.

डॉक्टरांच्या घरच्यांनी ओसरीवर पाणी आणलं. मेहताबपुढं काचेचा पेला, मुसलमानांसाठी वेगळा ठेवलेला. काठोकाठ भरलेला. तिनं हात पुढं केला आणि तिथंच थांबली.

घट्… घट्… घट्…

पेला जागचा हलला नव्हता. पाणी तीन बोटं खाली गेलं होतं.

“काय गं, पीत का न्हाईस?” कादरनं विचारलं.

“पिते,” मेहताब म्हणाली. “आधी तिचं होऊ दे.”