आठवी फांदी

सकाळी सातला वरिष्ठांचा फोन आला. "कुसुदा, संध्याकाळपर्यंत अहवाल हवा. वैमानिकाची चूक, एवढं लिही आणि मोकळी हो."

इन्स्पेक्टर कुसुदाबाईंनी मनातल्या मनात एक शिवी हासडली. चार दिवस योशिनोच्या डोंगरात तंगडतोड केली आणि हाती भोपळा! आठ नोव्हेंबरला ओंडका उचलताना हेलिकॉप्टर कोसळलं. त्यातला वजनाचा काटा जळून खाक झाला. ओंडका नदीत पडला, आणि रात्रीच्या पावसाने तो थेट धरणात नेला. आता तपासायचं काय, कपाळ?

वैमानिक इसोगाई दवाखान्यात होता. दोन्ही पाय गेलेले. आज अहवाल गेला की परवाना जाणार, वर खटला.

"कागदावर वजन आठशे किलो होतं," तो म्हणाला. "काटा बाराशेच्या पुढे गेला, बाई. शपथेवर सांगतो."

"मग बटण दाबून ओझं का सोडलं नाहीस?"

"खाली माणूस होता. डोक्याला पांढरा पंचा. हात हलवत पळत होता."

"कोण?"

"तोंड दिसलं नाही. तो वाचावा म्हणून नदीकडे वळवलं, तर कड्याला धडकलो."

बाई तडक डोंगरावर गेल्या. ओसाकाहून आलेला लाकूडतोडीचा व्यवस्थापक सेराता त्यांना पाहून वैतागला. "पुन्हा तुम्ही? देवळाच्या सात खांबांची ऑर्डर, सात झाडं. वसंतात पाडली, पाल्यासकट सहा महिने सुकवली. सुकलेलं लाकूड जड होईल कसं?"

"अपघाताच्या आदल्या दिवशी, सात तारखेला तुम्ही कुठे होतात?"

"खोलीवर, झोपलो होतो. ही मंडळी डोंगरदेवाचा दिवस म्हणून रानात पाऊल टाकत नाहीत. त्या दिवशी देव झाडं मोजतो म्हणे, माणूस सापडला तर त्यालाही झाडातच धरतो! सगळे देवळात साके ढोसत बसले होते."

"सगळे?"

"मुकादम निशिगाकी आजोबा सोडून. पहाटे पूजा केली आणि पोट बिघडलं म्हणून घरी गेले."

बाईंचा संशय सेरातावरच होता. देव न मानणारा, त्या दिवशी एकटाच, आणि कामाची घाई. पण पुरावा? चिडून त्या उतारावरचे खुंट मोजत सुटल्या. प्रत्येक खुंटावर झाडाच्या शेंड्याची एक फांदी खोवलेली होती.

"हे कोण करतं?"

"आजोबाच," सेराता हसला. "देवाचे आभार! बाकीची पोरं शहरातली, सुट्टी पाळतील, पण ही हौस कुठली? माझ्या मते नुसता कचरा."

एक, दोन, तीन... सात. सगळ्या वाळून तांबड्या पडलेल्या. पलीकडे झुडपाआड आणखी एक खुंट होता. आठवा. त्यावरची फांदी हिरवीगार होती, आणि शेजारी पाल्याखाली एक चिरलेला, सुकलेला ओंडका दडवलेला होता.

बाई तशाच शेडकडे निघाल्या.

मुकादम निशिगाकी शेडपाशी करवतीला धार लावत होते. वय बहात्तर, डोक्याला पांढरा पंचा. बाईंना पाहून ते उठले नाहीत.

"आजोबा, ऑर्डर सातची. खुंट आठ कसे?"

आजोबांनी कानस खाली ठेवली.

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "वसंतात एक झाड पाडताना चिरलं. तुमच्या हातून."

"पन्नास वर्षांत पहिल्यांदा," म्हातारा पुटपुटला. "करवत तिरकी गेली."

"ते तुम्ही लपवलंत, पण सहा महिन्यांनी खांब सात द्यायचे होते. मग सात तारखेला, रानात कुणी नसताना, नवं झाड पाडलंत. ओलं, रसाने भरलेलं. कागदावर मात्र सुकलेल्याचं वजन लिहिलंत. सेराताने पाडलं असतं, तर त्याने फांदी खोवली नसती. देवाचा दिवस मोडलात आजोबा, पण आभार मानल्याशिवाय तुम्हाला राहवलं नाही."

निशिगाकींनी मान खाली घातली. "वाटलं, उचलेल. मशीन मोठं आहे. वर गेलं आणि झुलायला लागलं. खाली ठेव, खाली ठेव म्हणत धावलो." मग एकदम उसळून म्हणाले, "पण बाई, त्याने सोडून का नाही दिलं? बटण असतं ना त्याच्याकडे! चार दिवस हाच विचार करतोय. त्याचीही चूक आहेच की!"

बाईंचा राग त्या प्रश्नासरशी ओसरला. म्हाताऱ्याची कीव आली, आणि ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

"खाली पांढरा पंचा बांधलेला माणूस होता," त्या म्हणाल्या. "म्हणून नाही सोडलं."

निशिगाकींचा हात डोक्याकडे गेला. पंचा सोडून त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्याची नीट घडी घालत राहिले.

बाईंचा फोन वाजला. वरिष्ठच. "झाला का अहवाल?"

"होतोय, साहेब. नाव बदललंय फक्त."

"बाई," म्हातारा उठत म्हणाला, "ठाण्यात न्यायच्या आधी दवाखान्यात न्याल? त्याला तोंड दाखवायचंय. त्या दिवशी दिसलं नव्हतं त्याला."