पट्टीखालची आई

"जवळ नको, लांब जा," चष्मिष ओरडला. "लांबून झूम केलं की मागचं धूसर होतं. सिनेमात तसंच असतं."

भोपळ्या कॅमेरा घेऊन पार भिंतीला टेकला. सुट्टीभर तिघांना एकच वेड होतं: मनीच्या बाबांच्या जुन्या घरगुती कॅमेऱ्यातून खऱ्या सिनेमासारखं चित्रण करायचं. मनी खिडकीशी बसली होती, पण तिचं लक्ष नव्हतं.

तिच्या आईची एकच कॅसेट होती, बाबांनी याच खिडकीशी काढलेली. आई गेली तेव्हा मनी एवढीशी होती. तिला आई आठवतच नव्हती, आठवत होते ते फोटो. बाबांनी हौसेने ती कॅसेट 'सिनेमासारखी' करायला चौकातल्या स्टुडिओवाल्याकडे दिली. त्या शहाण्याने काय केलं? चित्र मोठं केलं, तपकिरी रंग फासला आणि वर-खाली काळ्या पट्ट्या चिकटवल्या. वरची पट्टी नेमकी आईच्या डोळ्यांवर. मूळ कॅसेट मागितली, तर पुसली म्हणाला. बाबा मुकाट्याने परत आले. मोठी माणसं अशी मुकाट परत येतात, म्हणून असल्यांचं फावतं.

संध्याकाळी भोपळ्या कोरी कॅसेट आणायला गेला आणि धापा टाकत परतला. दुकानातल्या टीव्हीवर गिऱ्हाइकांसाठी नमुना चालला होता, 'आधी' आणि 'नंतर'.

"मने, 'आधी'मध्ये तुमचीच खिडकी होती. आणि त्या बाईला डोळे होते."

मनीला वाटलं, फिरकी घेतोय. पण फिरकी घेताना भोपळ्याला हसू आवरत नाही, आणि आत्ता तो हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी चष्मिषने दुकानात जाऊन शंका काढली: पट्ट्या लावून असा काय फरक पडतो? स्टुडिओवाला फुगला. त्याने नमुना लावला. तेवढ्यात मनी बाबांचा हात धरून दारात उभी राहिली.

"पुसली होती ना?" बाबांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

स्टुडिओवाल्याला शोधायचा कंटाळा आला होता, एवढंच कारण निघालं. कॅसेट खणात, तुटक्या वायरींखाली पडली होती.

घरी सगळे टीव्हीपुढे बसले. चष्मिष पुटपुटला, की काका, तुम्ही लांबूनच झूम केलंय, उजेडही बाजूने घेतलाय, हा तर आधीपासूनच सिनेमा आहे. बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, भोपळ्याचे केस विस्कटले, आणि म्हणाले, जे मला जमलं नाही ते तुम्ही केलंत.

मनीने ऐकलं नाही. आई हसत होती, पण समोर बघत नव्हती. तिची नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, खाली होती. मनी डावीकडे सरकली. अजून सरकली. नजर काही तिच्यावर पडेना.

"बाबा, ती कुठे बघतेय?"

बाबा तिच्याजवळ येऊन बसले.

"माझ्या पायाशी. तू उभी होतीस तिथे."