आत्याबाईच्या जागेवरचं शून्य

समुद्र वेगवेगळे असतात ते शाळेच्या नकाशात. उन्हाळ्यात ते एकत्र कुटुंबासारखे वागतात; एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याच्या डोळ्यांत. पार दक्षिणेला कुठेतरी वादळ आदळआपट करतं आणि तिथली लाट हजारो मैल चालत येऊन भलत्याच महासागराचं दार ठोठावते. वेधशाळेत अशा लाटेला ‘पाहुणी’ म्हणत. न सांगता येते, आणि आली की लवकर हलत नाही.

या पाहुण्यांचा हिशोब ठेवणाऱ्या बाईला सगळे अंदाजबाई म्हणत. रोज दुपारी ती समुद्राचा नकाशा पुरा करी आणि मायक्रोफोनपुढे बसून, आधी वेधशाळेची जागा सांगून, जहाजांसाठी वाचून दाखवी: कुठे वारा किती, लाट किती उंच, पाणी किती तापलंय. खोली बंदराच्या धक्क्याला चिकटून होती. खाली दगडांवर लाट आपटली की टेबल शहारे आणि कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उठत. त्या गाजेत बोलायचं तर ओरडूनच. नवा माणूस दचकला की बाई म्हणे, “आमच्याकडे चहा ढवळायला चमचा लागत नाही.”

तिचा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर होता. आईवडिलांमागे तिनेच त्याला वाढवलेला. तो ज्या समुद्रात असेल तिथली लाट ती दोनदा तपासून बघे.

भर महासागरात, कुठल्याच किनाऱ्याला जवळ नाही अशा जागी, एक तरंगता पिवळा बोया तळाशी साखळदंडाने बांधलेला होता. तासातासाला वारा, लाट, पाण्याची ऊब कळवायचा. एकटा आणि सतत कुरकुरणारा, म्हणून त्याचं नाव आत्याबाई.

एका दुपारी आत्याबाई गप्प झाली.

वेधशाळेचा दंडक असा, की नकाशात भोक ठेवायचं नाही. आकडा आला नाही तर शेजारपाजार बघून अदमासाने भरायचा. पण वाचायची वेळ होत आली होती, आणि नेमका तेव्हाच धाकट्याचा फोन आला. बाईने वाऱ्यापुढे शून्य ठोकलं, लाटेपुढे शून्य ठोकलं, नंतर बदलू म्हणाली आणि त्याच्याशी जेवणखाण, झोप असल्या चौकशा करत बसली. मग घाईघाईत मायक्रोफोनवर तेच वाचलं. भर समुद्रात लाट शून्य! असं कधी होत नाही. समुद्र झोपेतही कूस बदलतो.

दुसऱ्या दिवशी उपग्रहाचं चित्र आलं. आत्याबाईच्या जागी पाणी गुळगुळीत होतं. ताट पालथं घालून कापल्यासारखं गोल.

बाई चित्र घेऊन साहेबांकडे गेली. “साहेब, तो आकडा खरा नव्हता. मी नुसता जागा भरायला टाकला होता. बदलू का?”

साहेबांचं पोट हसण्याच्या आधी हलायचं. “अहो, उपग्रहसुद्धा शून्यच म्हणतोय! लॉटरी लागली आणि तुम्ही तिकीट परत करायला निघालात?”

तीही हसली. पण त्याच आठवड्यात दक्षिणेकडून एक दांडगी पाहुणी त्या वर्तुळाकडे चालत आली. या बाजूने आत गेली. बाईने पलीकडच्या बाजूने तिची वाट पाहिली. पलीकडून काही बाहेर आलं नाही.

मागून आणखी एक आली. तीही आतच राहिली.

मग शेजारच्या तापलेल्या पाण्यावर वादळ उठलं. जहाजं वाट सोडून पांगली. धाकट्याचा फोन आला तेव्हा मागे भांडी गडगडत होती, इंजिन धापा टाकत होतं.

“ताई, आम्ही तुझ्या त्या गोल तळ्यात चाललोय. वादळ जाईपर्यंत तिथे थांबणार.”

“तिथे जाऊ नका.”

“इथे डोंगराएवढ्या लाटा, आणि तू शांत पाण्याला भितेस? पोहायला शिकवतानाही अशीच करायचीस.”

“मस्करी नको. कप्तानाला दे फोन.”

कप्तानाचा आवाज थकलेला होता. “बाई, लाट शून्य हे रोज तुम्हीच वाचता ना?”

“हो, पण...”

“मग कारण सांगा.”

बाईकडे कारण नव्हतं. पाहुण्या आत जातात आणि बाहेर येत नाहीत, हे काय सांगणार? लाट हरवली म्हणून जहाजाचं तोंड फिरवणारा कप्तान अजून जन्मायचाय.

फोन बंद झाला. तिने दार लोटलं आणि आत्याबाईच्या जागी शून्य खोडून बारा मीटर लिहिलं. धडधडीत खोटं. नोकरी गेली तर जाऊ दे, जहाज तरी वळेल. ती मायक्रोफोन चालू करणार तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

“ताई, पोचलो.”

“कुठे?”

“आत.”

तिचा हात थांबला. तिने शून्य म्हटलं तेव्हा पाणी सपाट झालं होतं. आता तिने बारा म्हटलं, तर?

तिने बारा पुसलं. शून्य पुन्हा टाकलं.

“काय दिसतंय तिथे?” तिने विचारलं.

“काहीच नाही गं. आत्याबाई आहे. दिवा लुकलुकतोय तिचा.” धाकटा हळू बोलत होता, देवघरात बोलावं तसं. मागे भांडी नव्हती. इंजिनही नव्हतं. “पाणी तिच्या अंगावर आपटत नाही. नुसतं टेकून आहे. कप्तान म्हणतो, सगळे वाट बघतायत.”

“सगळे म्हणजे कोण?”



“लाटा,” तो म्हणाला.

वादळ सरलं. उपग्रहाच्या चित्रात वर्तुळ उरलं नाही, चारी बाजूंनी साधा हलता समुद्र होता. धाकट्याचं जहाज शोधायला गेलेल्यांना फळीही सापडली नाही, तेलाचा तवंगही नाही.

पण प्रत्येक जहाजाने आपल्या जागेवरची हवा वेधशाळेला कळवायची असते, आणि धाकट्याचं जहाज ती कळवत राहिलं. वारा शून्य. लाट शून्य. जागा मात्र रोज बदलायची. बाई नकाशावर टाचणी टोचायची. टाचण्यांची रांग महासागर ओलांडून सरळ येत होती, पाहुणी येते तशी.

“यंत्राचा घोळ आहे,” साहेब म्हणत. त्यांचं पोट हलत नसे.

त्या दुपारी आकडे आले. वारा शून्य. लाट शून्य. पुढे जागा. बाईला टाचणी उचलावी लागली नाही. ती जागा तिला पाठ होती. तिच्याच वाचनाच्या सुरुवातीला ती रोज सांगे.

“काय झालं?” साहेब दारातून सवयीने ओरडले, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले.

बाईने खिडकीकडे पाहिलं नाही. ती कपाकडे बघत होती. चहावर एकही वर्तुळ नव्हतं.