दुसऱ्या खुंटीची किल्ली

चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढलेला माणूस हरवलेल्या गोष्टीने सहसा गडबडत नाही. हद्दीचा दगड कुणी हलवलाच, तर तो कुठून कुठे हलवला ते मोजून सांगता येतं, असं यज्ञेश्वरराव दिघे म्हणत. त्यामुळे जानेवारीतल्या त्या सकाळी दूध आणायला बाहेर पडल्यावर घरासमोर गाडी नाही असं दिसलं, तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. जमिनीवरचे तेलाचे दोन डाग पाहिले, गल्लीच्या उताराकडे पाहिलं आणि घरात येऊन बायकोला सांगितलं, "चारू, गाडी चोरीला गेली."

चारुलताबाई पोहे भिजवत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "चोरीला कशी जाईल? नेली असेल त्याने."

त्याने म्हणजे कुणी, हे विचारायची यज्ञेश्वररावांची छाती झाली नाही. ते चप्पल घालून तसेच पोलीस ठाण्यात गेले.

गाडी आमोदची होती. आमोद त्यांचा एकुलता एक मुलगा. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रयोगशाळेत कामाला होता आणि पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून त्याने ही पांढरी, जुन्या बनावटीची गाडी घेतली होती. तिचा हँडब्रेक नावालाच होता. म्हणून गाडी उभी केली की ती घरंगळू नये यासाठी मागच्या चाकाला दगडाची उटी लावायची, ही आमोदची सवय. मग उतार असो की सपाट मैदान. "अरे, ही काय बैलगाडी आहे?" असं आई त्याला चिडवायची, आणि तो हसत हसत पुन्हा दगड शोधायला जायचा.

त्याची आणखी एक सवय होती. दुसरी पाळी करून उशिरा घरी आला आणि दाराला आतून कडी असली, तर तो बेल वाजवायचा नाही. कुणाची झोप मोडायला नको म्हणून पायरीवरच बसून राहायचा. एकदा पहाटे आईने दार उघडलं तर हा भिंतीला टेकून झोपलेला. तेव्हापासून चारुलताबाई रात्री दार नुसतं ओढून घेत. कडी लावत नसत.

तीन वर्षांपूर्वी, श्रावणात, आमोद तुडीलला मित्राकडे गेला होता. परतताना चिखलाचे पाय धुवायला सावित्रीच्या काठी थांबला असावा. गाडी काठावर मिळाली, मागच्या चाकाला दगड लावलेली. पाण्यालगत चपला मिळाल्या. तो मिळाला नाही. आठ दिवस होड्या फिरल्या, पार बाणकोटच्या खाडीपर्यंत. गाडीची किल्ली त्याच्या खिशात होती, ती त्याच्याबरोबर गेली.

घरात दारामागे दोन खुंट्या होत्या. एकीवर गाडीची जादा किल्ली असे, दुसरीवर आमोद घरी आला की आपली किल्ली टांगायचा. ती खुंटी तेव्हापासून रिकामी होती. चारुलताबाई रोज तिच्यावरची धूळ पुसत. यज्ञेश्वररावांना ते पाहवत नसे. मुलगा गेला हे दुःख त्यांनी गिळलं होतं, पण तो येईल म्हणून बसलेली बायको रोज डोळ्यांसमोर होती आणि त्या दुखण्याला औषध नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हवालदारांचा फोन आला. गाडी तुडीलला, नदीकाठी उभी होती.

यज्ञेश्वरराव जादा किल्ली घेऊन तिथे पोचले. जागा त्यांना कुणी दाखवावी लागली नाही.

"चोर शिस्तीचा हाय, साहेब," हवालदार म्हणाले. "चाकामागं दगड लावून गेलाय."

यज्ञेश्वररावांनी दगडाकडे पाहण्याचं टाळलं. दार किल्लीने उघडलं, पण इग्निशनच्या लॉकमध्ये किल्ली अर्ध्यावरच अडली. चोराने स्क्रू ड्रायव्हर खुपसून लॉकची वाट लावली, असं हवालदारांनी पंचनाम्यात लिहिलं. यज्ञेश्वररावांनी किलोमीटरचा आकडा पाहिला. दर रविवारी तो आकडा ते वहीत टिपून ठेवत, जित्याची खोड. घरापासून तुडीलच्या काठापर्यंत जेवढं अंतर होतं, तेवढाच आकडा पुढे सरकला होता. चोराने गाडी दुसरीकडे कुठेही नेली नव्हती.

महाडमध्ये जो तो म्हणाला, लॉकचं काम पोलादपूरच्या सुनीलकडे न्या. सुनीलने बारा वर्षं मुंबईत गाड्यांची लॉकं उघडण्यात घालवली होती आणि आता हायवेलगत पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. गाडी ओढून तिकडे न्यायचं ठरलं. निघताना चारुलताबाई दारापर्यंत आल्या.

"लॉक बदललं तरी जुनी किल्ली चालेल, असं करून आणा."

"कशाला?"

त्यांनी दुसऱ्या खुंटीकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या.

सुनीलने स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं, छिन्नीने बोल्ट तोडले आणि लॉक बाहेर काढलं. शेडमध्ये त्याची आई तुळसाबाई वाल सोलत बसली होती. तिने पाहुण्याला स्टूल सरकवून दिलं.

"एकलेच आलाव? पोरगा कुठं असतो तुमचा?" तिने विचारलं. "मुंबईला?"

"बाहेर असतो," यज्ञेश्वरराव म्हणाले.

"येऊन-जाऊन असंल ना?"

"असतो."

खोटं इतकं सहज बोलता आलं, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"काका, जरा इकडं या," सुनील म्हणाला. त्याने वर्तमानपत्र पसरून त्यावर लॉकचं आतलं नळकांडं ठेवलं होतं. "हे तोंड बघा. स्क्रू ड्रायव्हर घातला असता तर फाटलं असतं. एकदम क्लीन हाय. ही गाडी चावीनंच चालू केलीय."

"चावी माझ्याकडे होती."

सुनीलने नळकांडं उलटं करून आपटलं. त्यातून काळा, बारीक गाळ पडला. पडतच राहिला. एवढ्याशा नळकांड्यात मावेल त्याहून जास्त. त्याला खाडीचा वास होता. गाळाबरोबर तांदळाच्या दाण्याएवढा एक शिंपला पडला आणि शेवटी किल्लीचा तुटका तुकडा. गंजून लालकाळा झालेला.

"गाडी बंद करून चावी काढताना तुटलीय," सुनील म्हणाला. "गंजानं खाल्लीय पुरी. वर्षानुवर्षं पान्यात असल्यासारखी." त्याने तुकडा घासला आणि यज्ञेश्वररावांच्या किल्लीशेजारी धरला. खाच अन् खाच सारखी होती. "दुसरी चावी कुनाकडं हाय, काका?"

"हरवली."

तुळसाबाईचे हात थांबले. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा गाळाकडे, आणि वालाची परात उचलून ती घरात गेली.

सुनील हात पुसत म्हणाला, "दोन रस्ते हायेत. नवीन सेट टाकतो, दारांची लॉकं पन बदलतो. नायतर चावीच्या खाचा ज्यांच्यावर बसतात त्या ह्या जुन्या पितळी पत्त्या नव्या लॉकात बसवतो. मग जुनी चावीच लागंल. त्याला उद्याचा दिवस जाईल, पन काम पक्कं होईल."

हायवेवरून गाड्या जात होत्या. यज्ञेश्वरराव तुकड्याकडे पाहत राहिले. हिशोब लागत नव्हता, आणि हिशोब न लागणारी गोष्ट घरी न्यायची त्यांची तयारी नव्हती. चारूला हे कळलं तर ती उरलेलं आयुष्य त्या खुंटीखाली बसून काढील. कुठेतरी हद्द घालायलाच हवी होती.

"नवीन टाक," ते म्हणाले. "सगळी लॉकं बदल."

"बघा हां, काका. जुनी चावी मग कायमची बाद."

"बदल म्हटलं ना."

सुनीलने संध्याकाळपर्यंत काम उरकलं. हँडब्रेकही करकचून आवळून दिला. "आता दगड लागायचा नाय," असं म्हणून त्याने नव्या दोन किल्ल्या आणि कागदात गुंडाळलेला तो तुकडा त्यांच्या हातात ठेवला.

घरी आल्यावर चारुलताबाईंनी चहा ठेवला आणि विचारलं, "जुनी किल्ली लागते?"

"नाही. जुळवता येत नाही म्हणाला."

चारुलताबाईंनी एक नवी किल्ली पहिल्या खुंटीवर टांगली. दुसरी बराच वेळ हातात धरली. "ही त्याला कशी पोचणार?" असं पुटपुटत त्यांनी ती ड्रॉवरमध्ये टाकली.

त्या रात्री झोपायला जाताना यज्ञेश्वररावांनी दाराला कडी घातली. तीन वर्षांत पहिल्यांदा. चारुलताबाईंनी ऐकलं असणार.

सकाळी ते पिशवी घेऊन दाराशी आले आणि कडी काढली.

गाडी जागेवर होती. त्यांना बरं वाटलं.

मग मागच्या चाकाखाली दगड दिसला.

गोल, गुळगुळीत, नदीतला दगड. तो ओला होता. जानेवारीत दव पडतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण गाडीचं टप कोरडं होतं, बोनेट कोरडं होतं. ते चालकाच्या बाजूला आले. दाराच्या नव्या कोऱ्या लॉकभोवती ओरखडे होते. एकावर एक, पुष्कळ. घाईचे नव्हते. किल्ली का लागत नाही हे न कळलेल्या माणसाने तिच्या तुटक्या टोकाने पुन्हा पुन्हा, सावकाश प्रयत्न करावा, तसे. हँडलवरून गाळाचा ओघळ खाली आला होता.

गाडी उघडली नाही, तरी ती उतारावरून घरंगळू नये म्हणून तो दगड लावून गेला होता.

यज्ञेश्वरराव मागे वळले.

पायरीवर, भिंतीच्या कडेला, ओला डाग होता. माणूस बसतो तेवढा. भिंतीलाही होता, डोकं टेकतं तिथे. आत्ता दाराबाहेर पडताना ते त्याला ओलांडूनच आले होते.

डागाच्या मधोमध गंजलेल्या किल्लीचं डोकं ठेवलं होतं. पडलेलं नव्हतं, ठेवलेलं होतं.

त्यांनी खिशातून सुनीलचा कागद काढला. तुकडा त्या डोक्याला लावला. केस जाईल एवढीही फट राहिली नाही.

चारुलताबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पायरी पाहिली, गाडी पाहिली, कडी पाहिली.

"बेल वाजवत नाही तो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक होतं."

यज्ञेश्वररावांना रडू फुटलं. तीन वर्षांपूर्वी होड्या परत फिरल्या तेव्हाही ते रडले नव्हते. चारुलताबाईंनी त्यांच्या हातातून किल्लीचं डोकं घेतलं, पदराने पुसलं आणि आत जाऊन दुसऱ्या खुंटीवर टांगलं.

त्याच दिवशी ते गाडी घेऊन पोलादपूरला गेले. जुन्या पत्त्या सुनीलने फेकल्या नव्हत्या, डबीत जपून ठेवल्या होत्या. दोन दिवस बसून त्याने सगळी लॉकं जुन्या किल्लीला जुळवून दिली आणि तुटक्या तुकड्यावरून नवी किल्ली घासून दिली. हँडब्रेक यज्ञेश्वररावांनी त्याच्याकडून पुन्हा सैल करून घेतला.

ती किल्ली आता रोज रात्री पायरीवर ठेवलेली असते. दार नुसतं ओढून घेतलेलं असतं. गाडी लावली की यज्ञेश्वरराव स्वतः मागच्या चाकाला तो नदीतला दगड लावतात, आणि सकाळी दूध आणायला निघाले की आधी वाकून त्याच्यावर हात ठेवतात.

दगड कोरडा असतो.